तीन तारांचा हिशेब

गेल्या महिन्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. सुखरूप झाली. आता ते घरी आहेत, सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारतात आणि आईनं भाजीतलं मीठ कमी केलं म्हणून दिवसभर कुरकुरतात. म्हणजे गाडी रुळावर आली म्हणायला हरकत नाही :-)

भेटायला येणारा प्रत्येक जण दोन प्रश्न हमखास विचारतो. पहिला, "खर्च किती आला?" आणि दुसरा, "स्टेंट कुठला टाकला? आपला का इंपोर्टेड?" मोठ्या काकांना तर कंपनीचं नावसुद्धा हवं होतं, जणू नवी मोटरसायकल घेतली आहे! त्यांना तरी का हसू? अँजिओप्लास्टी म्हणजे स्टेंट, बाकी सगळं किरकोळ सामान, असंच मीही समजत होतो.

मग डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात आलं. त्यात एक ओळ होती. 'गाइडवायर, नग ३.' प्रत्येकीची किंमत काही हजारांत. स्टेंट एक आणि वायरी तीन! आता मला पगारच मुळी दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका काढण्याचा मिळतो. तीन रात्रींचं जागरण डोळ्यांवर होतं. मी तडक काउंटर गाठलं आणि विचारलं, "अहो, एका माणसाला तीन वायरी कशाला लागतात?" पलीकडचा मुलगा माझ्याच वयाचा असेल. "सर, आतून जे लिहून आलं तेच लावलंय," एवढंच त्याच्याकडे उत्तर होतं. मी आवाज चढवला. आपल्याला लुटतायत याची मला शंभर टक्के खात्री होती.

आवाज बहुतेक आतपर्यंत गेला असावा. थोड्या वेळानं डॉक्टरांनीच बोलावून घेतलं. रागावले नाहीत. म्हणाले, "बसा. तुम्हाला तुमच्या वडिलांचं रेकॉर्डिंग दाखवतो." पुढची वीस मिनिटं मी जे बघितलं, त्यावर गेले तीन विकांत वाचत बसलोय. ते तुम्हालाही सांगावंसं वाटलं.

आत काय चाललेलं असतं

बाबांच्या उजव्या मनगटातल्या धमनीतून एक नळी आत घातली होती. ती कोपर, दंड, खांदा असं करत महाधमनीत उतरते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या तोंडाशी जाऊन थांबते. ही झाली गाइड कॅथेटर. तिची जाडी 'फ्रेंच' नावाच्या मापात मोजतात, तीन फ्रेंच म्हणजे एक मिलीमीटर. बाबांची नळी ६ फ्रेंच होती, म्हणजे दोन मिलीमीटर जाड. ती त्या तोंडापाशीच थांबते, कारण पुढे रस्ता अरुंद होत जातो आणि त्याला फांद्या फुटतात. तिथून पुढे जाते ती फक्त तार.

ही तार ०.०१४ इंच जाडीची असते, म्हणजे साधारण ०.३६ मिलीमीटर. लांबी मात्र १८०-१९० सेंटिमीटर, माझ्या उंचीपेक्षा जास्त. डॉक्टरांच्या हातात तिचं एक टोक. दुसरं टोक धडधडणाऱ्या हृदयावरच्या तीन मिलीमीटरच्या धमनीत. बघायला काय, तर एक्स-रेचं चपटं चित्र. धमनी एक्स-रेत दिसत नाही, रंगद्रव्य सोडलं की तेवढ्यापुरती उमटते आणि पुसली जाते. म्हणजे क्षणभर नकाशा बघायचा, लक्षात ठेवायचा आणि अंधारात गाडी चालवायची!

तारेला आपण होऊन वळता येत नाही. तिच्या टोकाचा मिलीमीटर-दोन मिलीमीटरचा भाग डॉक्टर आत घालण्याआधी स्वतःच्या हातानं किंचित वाकवतात. समोर फांदी आली की बाहेरचं टोक बोटांत धरून फिरवायचं. आतलं वाकडं टोक फिरून हव्या त्या फांदीकडे तोंड करतं, मग हलकेच पुढे सरकवायची. अख्ख्या शास्त्राचं मर्म एवढंच आहे. वाकवा, फिरवा, सरकवा.

सोपं वाटतं? बागेतला पाण्याचा पाइप घ्या आणि त्याचं एक टोक पिळून बघा. दुसरं टोक आधी ढिम्म हलत नाही आणि मग एकदम गर्रकन फिरतं. तारेचं असं झालं तर खेळ खलास. इकडे पाव वळसा दिला की तिकडे पाव वळसाच बसला पाहिजे. कमी नाही, जास्त नाही आणि उशिराही नाही. शिवाय तार मागून कडक हवी, नाहीतर ढकलता येणार नाही. पुढून मऊ हवी, नाहीतर धमनीला भोक पडेल. म्हणून आतला पोलादाचा किंवा निटिनॉलचा गाभा टोकाकडे घासून घासून बारीक करत नेतात. टोकावर प्लॅटिनमसारख्या धातूची अतिबारीक स्प्रिंग असते, म्हणजे ते एक्स-रेत ठळक दिसतं. वरून लेप देतात, पाणी लागताच तो बुळबुळीत होतो.

टोकाच्या कडकपणाचं माप ग्रॅममध्ये असतं. टोक दाबल्यावर किती ग्रॅमला ते वाकतं, ते बघायचं. रोजच्या कामाच्या तारेचं टोक एका ग्रॅमच्याही आत मान टाकतं. पूर्ण बंद झालेल्या धमनीतून वाट काढायच्या काही तारा १२ ग्रॅम आणि त्याहून कडक असतात. कुठली कधी घ्यायची हे चुकलं की एकतर काम होत नाही, किंवा नको ते होतं.

आता बाबांचं. मुख्य धमनीत एका फांदीच्या तोंडाशीच अडथळा होता. पहिली तार पुन्हा पुन्हा फांदीत घुसत होती. डॉक्टर ती मागे घेत, टोक फिरवत, परत पुढे. घड्याळ दिसत होतं कोपऱ्यात, अकरा मिनिटं गेली. मग तिला तिथंच फांदीत राहू दिलं आणि दुसरी, जास्त निसरडी तार घेतली. ती अडथळ्यात शिरली, पण पलीकडे जाईना. ती काढली. तिसरीचं टोक जरा कडक, वळण वेगळं. ती हळूच पलीकडे गेली. त्या तारेवरून बलून गेला आणि त्याच तारेवरून स्टेंट. (या तारेवरून सरकणाऱ्या बलूनच्या एका पद्धतीला चक्क 'मोनोरेल' म्हणतात.) आणि पहिली तार फांदीत का ठेवली? तर स्टेंट उघडताना फांदीचं तोंड दाबलं गेलं, तर निदान वाट हरवू नये म्हणून.

तीन तारा. प्रत्येकीचं काम वेगळं. काम झाल्यावर तिन्ही बाहेर. बाबांच्या अंगात त्यांचा मागमूसही नाही. उरली ती बिलातली ओळ, आणि तिच्यावरून मी भांडत होतो.

तारेचा इतिहास थोडक्यात

१९२९ साली जर्मनीतल्या एबर्सवाल्ड गावात वर्नर फोर्समान नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरनं स्वतःच्याच कोपराजवळच्या शिरेतून मूत्रमार्गाची नळी घातली, ६५ सेंटिमीटर आत सरकवली आणि तशाच अवस्थेत चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. नळी हृदयात पोचली होती! वरिष्ठांनी कौतुक करायचं सोडून त्याला झोडपलं. पुढे तो मूत्ररोगांकडे वळला. १९५६ साली त्याला नोबेल मिळालं, कुर्नां आणि रिचर्ड्स यांच्यासोबत.

पण फोर्समानकडे तार नव्हती. ती आणली स्वीडनच्या स्वेन-इवार सेल्डिंगरनं, १९५३ साली. तोवर जाड नळी धमनीत घालायची तर कापून धमनी उघडी करावी लागे. सेल्डिंगरची युक्ती ऐकून हसू येईल इतकी साधी आहे. सुई आत, सुईतून तार आत, सुई बाहेर, तारेवरून नळी आत, तार बाहेर. बस्स! जगभरात आजही रोज हेच करतात. आणि गंमत बघा, एवढ्यावर पीएचडी होणार नाही असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं प्रबंध पुढे दुसऱ्याच विषयावर लिहिला.

१९७७ साली झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्झिगनं पहिल्यांदा जागत्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत बलून फुगवला. हा बलून त्यानं घरच्या स्वयंपाकघरात प्रयोग करत करत बनवला होता. पण त्या बलूनच्या टोकाला आखूड तार कायमची चिकटवलेली असे. तिला वेगळं फिरवता येत नसे. त्यामुळे अडथळा सरळ रस्त्यावर असेल तरच जमायचं, फांदीत शिरायची सोय नव्हती. १९८२ साली अमेरिकेतल्या जॉन सिंप्सन आणि सहकाऱ्यांनी तार सुटी केली. तार आधी जाईल, वळेल, पोचेल, बलून मागून येईल. हा बदल कागदावर लिहायला अर्धी ओळ लागते. पण तो झाला नसता तर बाबांच्या अडथळ्यापर्यंत कुणाला जाता आलं नसतं.

आज या तारांत ज्या जपानी कंपनीचं नाव आदरानं घेतलं जातं, त्या असाही इंटेकची सुरुवात १९७६ साली झाली ती कारखान्यांच्या यंत्रांसाठी पोलादाचे बारीक दोर वळण्यापासून. हृदयाच्या तारा नंतर आल्या. म्हणजे आधी बरीच वर्षं कुणीतरी नुसता दोर नीट वळत होतं. मला हे फार आवडलं.

आणि आता माझा धंदा

रेकॉर्डिंग बघून झाल्यावर मी जे बोललो ते आमच्या जातीला शोभेलसंच होतं. "डॉक्टर, हे सगळं रोबोटनं का नाही करत?" पाव वळसा, अर्धा मिलीमीटर पुढे, हे तर मोटारीचं काम आहे. जॉयस्टिक द्या, पडदा द्या, आम्ही सॉफ्टवेअर लिहून देतो.

डॉक्टर हसले. म्हणाले, "झालंय ते करून."

आणि खरंच झालंय. कोरिंडस कंपनीच्या कॉरपाथ यंत्राला २०१२ साली अमेरिकेत परवानगी मिळाली. डॉक्टर शिशाच्या भिंतीआड बसून जॉयस्टिकनं तार हलवतो. १६४ रुग्णांवरच्या अभ्यासात डॉक्टरच्या अंगावर पडणारे किरण ९५ टक्क्यांनी घटले. ही किरकोळ गोष्ट नाही. दिवसभर शिशाचा जड एप्रन घालून उभं राहणाऱ्या या लोकांच्या पाठीची काय वाट लागते ते त्यांनाच विचारा. त्या यंत्राच्या पुढच्या आवृत्तीत तर एक मजा होती. तार मागे घेताना यंत्र ती आपोआप फिरवत असे, म्हणजे पुन्हा त्याच चुकीच्या फांदीत शिरायला नको. मुरलेल्या डॉक्टरांच्या बोटांची सवय उचलून प्रोग्रॅममध्ये घातलेली! हे वाचून मी खुर्चीतून उठलोच.

डिसेंबर २०१८ मध्ये अहमदाबादच्या डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून सुमारे ३२ किलोमीटर दूर इस्पितळात असलेल्या पाच रुग्णांची अँजिओप्लास्टी या यंत्रानं केली. जगात कॅथ लॅबच्या बाहेर बसून अशी अँजिओप्लास्टी पहिल्यांदाच होत होती. दुसऱ्या वर्षी सीमेन्स हेल्थिनिअर्सनं कोरिंडस विकत घेतली, सुमारे १.१ अब्ज डॉलर मोजून. आणि २०२३ मध्ये त्याच सीमेन्सनं हृदयाच्या अँजिओप्लास्टीचं हे काम गुंडाळलं.

का? त्यांच्या मीटिंगमध्ये मी नव्हतो. पण डॉक्टर जे बोलले ते माझ्या डोक्यात राहिलं. "तार अडली की बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. हे यंत्र मला ते बोटांतलं देत नव्हतं." पडदा, मोटार, नेटवर्क हे सगळं आपण जमवलं. एका ग्रॅमच्या आतला तो विरोध जॉयस्टिकपर्यंत आणणं राहून गेलं. आपल्या धंद्यात हे नेहमीचंच आहे. जे दाखवता येतं ते आधी बांधायचं आणि जे अवघड ते 'पुढच्या आवृत्तीत'.

दुसरी गोष्ट माझ्या घरची आहे, म्हणून जास्त बोचते. आमचं गाव तालुक्याच्या ठिकाणापासून वीस किलोमीटर आत. बाबांना रात्री दोनला दुखायला लागलं. तालुक्याच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं आणि अँब्युलन्समध्ये घालून पुण्याला पाठवलं. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी होणार नसेल तर आधी हे इंजेक्शन द्यावं, असं शास्त्र सांगतं. त्या डॉक्टरांनी ते वेळेत दिलं म्हणून बाबा आज मिठावरून कुरकुर करू शकतायत. आता सांगा, दूरवरून चालणारा रोबोट असता तरी तो ठेवणार कुठे? गावाजवळ कॅथ लॅबच नाही. मनगटात पहिली सुई घालणारा माणूस, तार यंत्रात बसवणारा माणूस, काही बिनसलं तर तिथल्या तिथं धावणारा माणूस, हे सगळे रुग्णाजवळच लागतात. अहमदाबादच्या इस्पितळात ते होते. आमच्या तालुक्यात नाहीत.

याउलट तमिळनाडूत काय केलं बघा. छोटी इस्पितळं मोठ्या इस्पितळांना जोडली, ईसीजी इकडून तिकडे पाठवला, अँब्युलन्स नीट लावल्या, इंजेक्शन आधी आणि अँजिओप्लास्टी नंतर असा क्रम बसवला. २०१७ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, रुग्ण २,४२०. वर्षभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आलं. यात जॉयस्टिक नाही, मंदिरात बसलेले डॉक्टर नाहीत, टीव्हीवर दाखवण्यासारखं काही नाही. पण शंभरातली तीन माणसं घरी जास्त आहेत.

म्हणून माझं मत असं. रोबोटला माझा विरोध नाही. डॉक्टरांच्या पाठीसाठी तो यावाच, आणि बोटांतली जाणीव घेऊन आला तर फार उत्तम. पण आपल्यासारख्यांनी आधी हात घालायला हवा तो ईसीजी, अँब्युलन्स, कुठली लॅब आत्ता रिकामी आहे, असल्या कंटाळवाण्या कामांत. रस्ता उघडा असेल तरच तारेचा उपयोग. आमच्या बाबांना तीन तास गाडीत घालवावे लागले, ते कुठल्याच जॉयस्टिकनं वाचले नसते.

बिलाचं काय?

ते विसरलो नाहीये. मी चुकलो हे खरं, पण पूर्ण चुकलो असं मला अजूनही वाटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारनं स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली. औषध लावलेला स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६० रुपये. त्याआधी औषधाच्या स्टेंटला लाखाच्या वर मोजावे लागत. चांगलंच झालं. पण त्या आदेशात तारा, बलून, नळ्या नव्हत्या. आपणही स्टेंटचं नाव विचारतो, त्याच्या खोक्याचा स्टिकर फाइलला लावून घेतो आणि उरलेल्या सामानाकडे एकतर बघतच नाही, किंवा माझ्यासारखं एकदम चोर समजून बघतो.

तारेवरही सरसकट मर्यादा घाला, असं म्हणणं सोपं आहे. मला भीती वाटते ती अशी, की 'पेशंटमागे एकच तार' असा नियम निघेल आणि तिसरी तार घ्यायची वेळ येईल तेव्हा डॉक्टरचा हात आखडेल. किंवा एकदाच वापरायची तार धुऊन दुसऱ्यासाठी ठेवली जाईल. त्यापेक्षा माझी मागणी अगदी छोटी आहे. बिलात प्रत्येक तारेपुढे एक ओळ लिहा. 'पहिली: फांदी राखण्यासाठी. दुसरी: पार झाली नाही. तिसरी: पार झाली.' आमच्याकडे कोडमध्ये एक अक्षर बदललं तरी का बदललं याची एक ओळ लिहिल्याशिवाय ते पुढे जात नाही. मग माझ्या बाबांच्या हृदयात घातलेल्या तारेला एक ओळ नको? ती लिहायला अर्धं मिनिट लागेल. ज्याला खरंच तीन लागल्या त्याचा संशय जाईल. आणि ज्यानं उगाच तीन लावल्या, त्याला काय लिहावं ते सुचणार नाही.

तोवर तुम्ही एक करा. देव करो आणि वेळ न येवो, पण आली तर "स्टेंट कुठला?" याच्यासोबत "तारा किती लागल्या आणि का?" हेही विचारा. फक्त आवाज न चढवता.

जाता जाता बाबांचं सांगायला हवं. ते वीज मंडळातून वायरमन म्हणून निवृत्त झाले. परवा मी त्यांना कागदावर आकृती काढून हे सगळं समजावत होतो. टोक कसं वाकवतात इथपर्यंत आलो तर म्हणाले, "हे मला काय सांगतोस? भिंतीतल्या पाइपातून वायर ओढायची तर आधी जीआय तार घालतो आम्ही. टोकाला वळसा दिला नाही तर ती प्रत्येक बेंडला अडकते." मग बराच वेळ छातीवर हात ठेवून गप्प बसले.

पुढच्या आठवड्यात त्यांना तपासणीला घेऊन जायचंय. काउंटरवरच्या त्या मुलाची माफी मागायची आहे. आणि बाबांनी डॉक्टरांसाठी एक प्रश्न दिलाय, तो विचारायचा आहे. तिसऱ्या तारेला वळसा किती दिला होता?